पाण्याचा डाग

तृप्तीला गळा होता. कुंभार पिंपळगावच्या शिवारात दोन घरांची वस्ती, त्यातल्या एका घरातली ही पोर. पण गावात सप्ताह बसला की विणेकरी आबाराव तिच्यासाठी वस्तीवर माणूस धाडायचे. आठ वर्षांची असल्यापासून ती टाळकऱ्यांच्या पुढच्या ओळीत उभी राहायची. आबारावांची साठी उलटलेली, कुणाचं कौतुक करायची सवय नाही, पण तिच्या बापाला, कल्याणला, एकदा म्हणाले होते, "पोरीनं चाल धरली का मृदंगवाला बराबर घामाघूम होतो बघा."

घर तीन पिढ्यांचं माळकरी. तृप्तीच्या गळ्यात तुळशीची माळ पाचव्या वर्षीच पडलेली. ज्या घरात कुणी सुपारीसुद्धा तोंडात टाकली नव्हती, त्या घरच्या पोरीला तेरावं लागलं त्या साली भर कीर्तनात बायकांच्या बाजूनं एक वाक्य ऐकू आलं. कोण बोललं ते कळलं नाही, मोठ्यानंही बोललं नव्हतं. "गळ्यात माळ अन् तोंडात मिसरी," एवढंच. आणि दोघीतिघी खुसखुसल्या.

मिसरी म्हणजे तव्यावर भाजलेल्या तंबाखूची काळी पूड. बऱ्याच बायका सकाळी उठल्या की बोटावर घेऊन दाताला चोळतात, आणि दात तपकिरी पडतात. तृप्तीचे पुढचे दात तसेच दिसायचे. तपकिरी पट्टे, मधे मधे खडूसारखे पांढरे ठिपके. तिनं मिसरी कधी हातात धरली नव्हती, पण ते दातांवर लिहिलेलं नसतं. चालू अभंग तिनं पुरा केला, ओठ आवळून केला, त्यामुळं आवाज नाकात गेला. आबारावांनी वळून बघितलं. पुढं दोन वर्षं ती मागच्या ओळीत नुसता टाळ वाजवत राहिली, आणि दहावीनंतर सप्ताहात जायचंच सोडलं. घरात हसायचं झालं तरी ओढणी तोंडावर.

तिची आई, गोपिकाबाई, देवाकडं फार मागणारी बाई नव्हती. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली ही एकच लेक. तिनं काल्याच्या दिवशी, सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, सगळ्या गावासमोर उभं राहून तोंड उघडून गौळण म्हणावी, एवढंच तिचं मागणं होतं. त्या एका मागण्यापायी पुढचं सगळं झालं.

गोपिकाबाईचे स्वतःचे दात मोगऱ्याच्या कळ्यांसारखे. तिचं माहेर गोदाकाठचं. लहानपणी सकाळी उठायचं, चुलीतली गोवरीची राख चाळून केलेली राखुंडी घ्यायची, नदीवर जायचं, दात घासायचे, तिथलंच पाणी ओंजळीनं प्यायचं. आपले दात असे कशामुळं, हा प्रश्न तिला पडलाच नाही. उत्तर तिच्याकडं आधीपासून होतं. राखुंडीमुळं. तृप्तीचे दुधाचे दात पडून पक्के आले ते डागाळलेलेच आले, तेव्हा तिनं पेस्ट बंद करून पोरीला राखुंडीवर बसवलं. "मी काय पेस्टवर वाढले काय? बघ माझे," म्हणून ती ओठ वर करून दाखवायची. पोर रडत घासायची. डाग जाईना, मग आईच हनुवटी धरून बोटानं चोळायची. हिरड्यातून रक्त आलं तरी चोळायची, कारण तिच्या मते पोर आळशी होती, बराबर घासत नव्हती.

शेजारचं दुसरं घर थोरल्या दिरांचं. त्यांची बायको सगुणाबाई, तृप्ती तिला मोठी माय म्हणायची. सगुणाबाईचं माहेर माळकरी नव्हतं, आणि मिसरी तिला लहानपणापासून लागलेली. सासऱ्यांनी, नवऱ्यानं, महाराजांनी सांगून झालं, सुटली नाही. "दोन घरात मिळून पापी मी एकटीच, मला तरी सुखानं पाप करू द्या," असं म्हणून ती ओट्यावर बसायची आणि अर्धा तास बोट तोंडातून काढायची नाही. तिचे दात काळे कुळकुळीत.

तृप्ती घनसावंगीच्या कॉलेजात बी. ए.च्या पहिल्या वर्षाला गेली, त्या हिवाळ्यात गोपिकाबाईनं मनावर घेतलं. जो जो उपाय कानावर आला तो तिनं ठरवून, एकामागून एक करून बघायचा काढला. पंधरा पंधरा दिवस एकेक. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती खूण करायची. पोरीवर एकदम नको म्हणून सगुणाबाई आपणहून पुढं आली. "माझ्या तोंडावर बी करा मायलेकींनो. काय बिघडलं तर माझं खाऊनपिऊन झालंय."

आधी मीठ आणि गोडं तेल. दोघींच्याही दातांना काही झालं नाही, भाजीला मात्र तेल कमी पडायला लागलं. मग तुरटी, तिनं तोंडं आकसली, दात होते तसेच. मग खायचा सोडा आणि लिंबू. दहाव्या दिवशी सगुणाबाईच्या काळ्या दातांमधून पिवळे दात बाहेर आले, पंधराव्या दिवशी ती ओट्यावर हसली तर तिच्या नवऱ्यानं, कारभारींनी, विचारलं की ही कुठली पाव्हणी आली. दोन्ही घरं हसली. तृप्तीही हसली, ओढणीआड. तिच्या दातांवरचा एक पट्टा हललेला नव्हता. मग मेडिकलमधून कोळशाची काळी पेस्ट आणली, आणि शेवटी जखम धुवायचं फेसाळणारं पाणी, तेही मेडिकलचंच, कुणीतरी सांगितलं म्हणून पाण्यात मिसळून. सगुणाबाईचे दात आणखी उजळले. तृप्तीचे खडूसारखे ठिपके होते ते जास्त पांढरे झाले, आणि त्यामुळं मधले तपकिरी पट्टे जास्तच उठून दिसायला लागले.

एकच औषध, दोन तोंडं. एकीचा पन्नास वर्षांचा काळिमा निघतो आणि एकीचा निघत नाही. या गोष्टीचा अर्थ गोपिकाबाईनं लावला तो असा, की पोरीचं मन लागत नाही. ती कॉलेजातून आली की रोज तिला हेच ऐकावं लागायचं. एक दिवस तृप्ती शांतपणे म्हणाली, "माय, मोठ्या माईचं वरून लागलेलं हाय. माझं वरून लागलेलं न्हाई." गोपिकाबाईला ते उलट उत्तर वाटलं. पोरीनं त्या दिवशी सगळं बरोबर सांगून टाकलं होतं, हे तिला पुढं समजलं.

सप्ताहाला महिना राहिला असताना आठवडी बाजारात एक परगावचा माणूस आला. जीपच्या टपावर भोंगा, पुढं एक मोठा आरसा, आणि काडीला कापूस गुंडाळून ठेवलेला. तो म्हाताऱ्याकोताऱ्यांना बसवायचा, अर्ध्या दातांना बाटलीतलं काहीतरी लावायचा, अर्धे तसेच ठेवायचा, आणि आरसा दाखवायचा. फरक सगळ्यांना दिसायचा. डॉक्टर महिने लावतात ते मिनिटात, असं तो भोंग्यावर सांगत होता. तृप्ती नको म्हणत होती. वास उग्र होता, बसलेल्या माणसांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. गोपिकाबाईनं तिला दंडाला धरून बसवलं.

कापूस फिरला. पोरीनं डोळे मिटून घेतले. मग तिच्यासमोर आरसा धरला, आणि त्या आरशात तृप्ती हसली. ओढणी न घेता हसली. दोन दातांवर पुसट सावली राहिली होती, बाकी पट्टे गेले होते. गोपिकाबाईला रडू फुटलं. त्यानं एक छोटी बाटली बांधून दिली, आणि बजावून सांगितलं की महिन्यातून एकदाच, जास्ती नाही.

त्या दोन दातांची सावली गोपिकाबाईला झोपू देईना. काल्याच्या आधीच्या आठ दिवसांत तिनं ते तीनदा लावलं. दुपारी कल्याण शेतात गेला की लिंबाखाली पोरीला बसवायची, तिचं डोकं मांडीवर घ्यायची, आणि देवाचं नाव घेत घेत काडी फिरवायची. तिसऱ्या वेळेला पोर म्हणाली, चरचर होऊन राह्यलं. माय म्हणाली, जल्दी होतंय, आता झालंच.

काल्याच्या दिवशी तृप्ती उभी राहिली. पाच वर्षांनी उभी राहिली. तोंड उघडलं आणि गौळणीची पहिली ओळ घेतली, तेव्हा बायकांच्या बाजूला कुजबुज झाली ती वेगळीच. आवाज मंडपाबाहेर बैलांपर्यंत गेला. गौळण संपल्यावर आबाराव पुढं आले, आपल्या गळ्यातली वीणा काढली, तिच्या गळ्यात घातली आणि खाली वाकून तिच्या पायाला हात लावला. वीणा ज्याच्या गळ्यात, त्याच्या पाया पडायचं, मग तो कितीही लहान असो, ही रीत. गोपिकाबाईनं दोन्ही हात जोडून डोळे मिटले. देवानं ऐकलं असं तिला वाटलं, आणि त्या घटकेला तसं वाटणं खरं होतं.

महाप्रसादाला काला वाटला. दही, लाह्या, लोणच्याच्या फोडी. तृप्तीनं पहिला घास घेतला आणि हात गालावर दाबला.

"माय, दात आंबले."

"दह्यानं आंबले असतील," गोपिकाबाई म्हणाली. "सकाळी जातेत."

चिंच खाल्ली, कैरी खाल्ली की दात आंबतात. सगळ्यांना ठाऊक असलेला शब्द आणि सगळ्यांना ठाऊक असलेला उपाय, की काहीच करायचं नाही. सकाळी गेले नाहीत. आठ दिवसांनी माठातलं पाणी सोसेना, म्हणून तृप्ती कोमट पाणी पिऊ लागली. मग गरम चहाही सोसेना. भाकरी दुधात कुस्करून, गिळून खाणं सुरू झालं. दोन महिने ती एकच शब्द सांगत होती, आंबले, आणि गोपिकाबाई एकच उत्तर देत होती, कारण शब्द ओळखीचा होता. सगुणाबाईनं मिठाच्या गुळण्या सांगितल्या, लवंग सांगितली. दातांची चमक केव्हाच गेली होती. ते आता खडूसारखे खरखरीत झाले होते, आणि चहा-हळदीचा रंग त्यांच्यात असा मुरत चालला की जुन्या पट्ट्यांहून गडद दिसायला लागला.

सगळ्यात वाईट गोष्ट गोपिकाबाईला एकदा तुळशीपाशी कळली. तृप्ती भजन म्हणायला बसली. गायला आधी तोंडानं श्वास ओढून घ्यावा लागतो. तिनं ओढला आणि तिथंच थांबली, डोळ्यात पाणी. परत ओढला. वाऱ्याची ती झुळूकसुद्धा दातांना सोसत नव्हती. तिसऱ्यांदा तिनं प्रयत्न केला नाही, उठून आत गेली.

मग कल्याणनं मोटारसायकल काढली, दोघींना घनसावंगीला सोडलं, आणि तिथून त्या एसटीनं जालन्याला गेल्या. दातांची डॉक्टरीण तरुण होती. तिनं आरसा आत घालून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि विचारलं की मुलगी सात-आठ वर्षांची होईपर्यंत कुठलं पाणी प्यायली.

"आमच्या दारात हापसा हाय," गोपिकाबाईनं सांगितलं. सांगताना तिला थोडा अभिमानच वाटला. वस्तीवर हापसा व्हावा म्हणून ती सून असताना ग्रामपंचायतीत सहा वेळा गेली होती. आधी उघड्या विहिरीचं पाणी डोक्यावर आणावं लागायचं. हापसा झाला त्या दिवशी तिनं नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, आणि पुढच्याच वर्षी तृप्ती झाली. त्या पाण्यानंच पोर पदरात पडली असं ती सगळ्यांना सांगायची.

डॉक्टरणीनं सावकाश समजावलं. खोल बोअरच्या पाण्यात कधी कधी फ्लोराइड नावाचा क्षार जास्त असतो. पक्के दात हिरडीच्या आत तयार होत असतात, त्या वयात तो पोटात गेला तर दात आतूनच डागाळतात. मिसरीचा, चहाचा डाग दातावर बसतो. घासून, सोड्यानं, बऱ्याचदा निघतो. हा डाग दातातच आहे. मोठ्या माणसांचे दात आधीच झालेले असतात, त्यांच्यावर हे डाग पडत नाहीत. मग तिनं सहज विचारलं, "तुमचं माहेर कुठलं?"

गोपिकाबाईला नदी दिसली. आणि दुसरी एक गोष्ट दिसली. तृप्ती अकरा वर्षांची असताना कुणीतरी माणूस येऊन बाटलीत हापशाचं पाणी घेऊन गेला होता, आणि काही दिवसांनी येऊन हापशाला लाल रंग मारून गेला. लाल म्हणजे हे पाणी पिऊ नका; तसं तो बोलला असेल तर कुणी नीट ऐकलं नाही. जावाजावांनी एकमेकींना सांगितलं की बरं झालं, आता गंजायचा नाही. आणि त्या लाल रंगावर गोपिकाबाईनं दसऱ्याला झेंडूची माळ घातली.

तिनं केलेले सगळे उपाय डॉक्टरणीला सांगितले. राखुंडी, मीठ-तेल, तुरटी, लिंबू, कोळसा, फेसाचं पाणी, आणि बाटली. खालच्या मानेनं तिनं विचारलं, "पण त्या बाटलीनं फरक पडला व्हता, डॉक्टरीणबाई. सगळ्यात जास्त त्यानंच पडला."

"फरक पडला, कारण त्यानं दाताचं वरचं टणक कवचच खाल्लं. तेजाब होतं ते," डॉक्टरीण म्हणाली. "आधी आला असतात तर दवाखान्यात हळूहळू थोडं उजळून देता आलं असतं. आता त्या दातांना उजळायला काही लावायचं नाही. आधी ठणका कमी करू. कवचाचं पुढं बघू, पण गेलं ते परत येत नसतं."

"किती वेळा लावलं?" तिनं तृप्तीला विचारलं.

तृप्तीनं आईकडं बघितलं नाही. "एकदाच," ती म्हणाली. "बाजारात."

गोपिकाबाईला ते वाक्य चापटीहून जड लागलं. एसटीत खिडकीचा वारा लागू नये म्हणून पोर तिच्या खांद्यात तोंड खुपसून बसली होती, आणि माय तिच्या केसांवर हात ठेवायलाही भीत होती.

दिलेली पेस्ट लावून ठणका थोडा उतरला. गाण्याइतका नाही. पुढचा सप्ताह आला तेव्हा गावातल्या बायका महाप्रसादाच्या पोळ्या लाटायला बसल्या होत्या, गोपिकाबाईही होती. बेबीनंदा म्हणून गावातली एक बाई, तोंडानं फटकळ, तिनं पोळी उलटता उलटता विचारलं, "तृप्ती आली न्हाई? वीणा गळ्यात पडल्यापासून भाव खाऊन राह्यली जणू. का परत मिसरी सुरू केली?"

गोपिकाबाईचं लाटणं थांबलं. वर्षभर तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्याला अर्धं, जावेला पाऊण.

"माझ्या लेकीनं मिसरी कधीच लावली न्हाई," ती म्हणाली. "आमच्या हापशाच्या पाण्यानं तिचे दात डागाळले. अन् ते पांढरे करायला मी तेजाब लावलं, माझ्या हातानं. बाजारातला येकदा लावून गेला, मी तीनदा लावलं. तिला आता श्वास ओढवत न्हाई, ती गाणार कशी?"

तव्यावरची पोळी जळाली ती कुणी उलटली नाही. बेबीनंदानं पदराच्या टोकानं डोळे पुसले, आणि मग सगळ्याच एकदम बोलायला लागल्या.

त्यानंतर तीन दिवस वस्तीवर बायका येत राहिल्या. एकीनं लवंगाचं तेल आणलं, एकीनं अंगारा, एकजण नुसतीच तृप्तीची हनुवटी उचलून बघून "अगं माय माय" म्हणून गेली. तृप्ती सगळ्यांना बसायला देत होती, चहा देत होती. शेवटची गेल्यावर तिनं दार लोटलं.

"कशाला सांगितलं?"

"तुला नावं ठेवत व्हत्या."

"ठेवू द्यायची व्हती. मिसरीवाली म्हणत व्हत्या तवा मला राग तरी येत व्हता. आता समद्या कीव करतेत. कीव करणाऱ्या माणसाचं काय करायचं, सांग मला."

तीनदा मी लावलं, तू एकदा का सांगितलंस, हे गोपिकाबाईला वर्षभर विचारायचं होतं, ते आताही तोंडातून निघालं नाही. तिनं चुलीवरचं पाणी बोट घालून बघितलं, कोमट होतं, आणि फुलपात्रात ओतून पोरीच्या पुढं ठेवलं.

दिवस मावळत होता. गावाकडून भोंग्यावर गौळण ऐकू यायला लागली. कुणी नवी पोर म्हणत होती, तृप्तीच्याच चालीत, जमेल तशी. दोघी ओट्यावर बसून ऐकत राहिल्या. वरच्या ओळीला त्या पोरीचा आवाज फाटला.

"श्वास उशिरा घेतला तिनं," तृप्ती म्हणाली, आणि फुलपात्र तोंडाच्या कोपऱ्याला लावलं.